पुनम आली की काटा चढतो

यंत्राला माणूस ओळखता येत नाही, हे पुनमला शाळेपासून ठाऊक होतं. तरी मार्गशीर्षातल्या त्या मंगळवारी चोपड्याच्या स्टँडवर काळी-पिवळीची वाट बघताना तिच्या मनात पहिल्यांदा आलं, की मोहदऱ्याचं यंत्र आपल्याला ओळखतं, आणि ओळखून आपल्यावर डूख धरून बसलंय. एम.एस्सी. झालेल्या, पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनं असं म्हणावं, ही काही शोभणारी गोष्ट नव्हती. तिची तिलाच लाज वाटली. पण वाटायचं ते वाटलंच.

यंत्र तसं साधं होतं. मोहदरा हे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, शे-सव्वाशे घरांचं. गावाला पाणी वरच्या पाझर तलावाचं. तलावाच्या तिन्ही बाजूंना साग आणि पळस. पावसाळा संपला की ती झाडं वर्षभराची पानं पाण्यात सोडून मोकळी होतात, आणि पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. पाण्यात थोडा गाळही असतो, पण तो बसवला की बसतो. हा रंग बसत नाही, तो पाण्यात विरघळलेला असतो. वर त्यात आरोग्य खात्याची पावडर टाकली की पाण्याला असा उग्र वास सुटतो की गुरंही तोंड फिरवतात. म्हणून गाव पावडर टाकू देत नसे. आणि गेल्या श्रावणात अर्धं गाव हगवणीनं चोपड्याच्या दवाखान्यात आडवं झालं होतं.

पुनमनं जळगावच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं खपून एका प्लॅस्टिकच्या पोकळ नळ्या काढल्या होत्या. शेवयांएवढ्या बारीक, पांढऱ्या. नळीच्या अंगाला इतकी सूक्ष्म छिद्रं, की पाणी आरपार जावं आणि पानांचा तो विरघळलेला रंग आतच अडकावा. अशा हजारो नळ्यांचा जुडगा एका उभ्या पाइपात बसवला होता. तो पाइप, एक पंप, तलावाचं पाणी आधी जिच्यात येतं ती पाचशे लिटरची टाकी आणि दाबाचा एक काटा, इतकंच ते यंत्र. नळ्या स्वच्छ असल्या की काटा खाली राहायचा, तुंबल्या की वर चढायचा. चढला की रसायन घालून नळ्या धुवाव्या लागायच्या.

पैसे देणाऱ्या संस्थेची अट एकच होती. तीस दिवस यंत्र चालवा. त्यात रसायनाची धुलाई पाच वेळांपर्यंत चालेल, सहावी झाली की यंत्र मोहदऱ्यातून उचललं जाईल. गाव आपल्या चहाच्या पाण्यावर परत, आणि पुनमच्या नळ्या कपाटात.

आज बाविसावा दिवस होता आणि चार धुलाया होऊन गेल्या होत्या.

धुलाया झाल्या याचं पुनमला इतकं काही वाटलं नसतं. नळ्या तुंबणारच, त्यासाठीच तर पाच वेळांची सूट होती. तिची मती गुंग झाली होती ती दुसऱ्याच गोष्टीनं. ती मंगळवारी आणि शुक्रवारी गावात यायची. यंत्र तुंबायचं तेही मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकी पाच दिवस काटा गरीब गायीसारखा जागच्या जागी. ती दहाला यायची, नमुने घ्यायची, आणि दुपारी एकपर्यंत काटा वर चढलेला. पहिल्या दोन फेऱ्यांना काही झालं नव्हतं. तिसरीपासून एकही वार चुकला नाही.

यंत्राची किल्ली तानुबाईकडे असायची. तानुबाई साठीला टेकलेली, एकटी, बोलायला गोड आणि हाताला चपळ. टाकी तिच्या अंगणाला लागून म्हणून गावानं पंप चालू-बंद करायचं काम तिला दिलं होतं. तिला आकडे वाचता येत नव्हते. पुनमनं काट्याच्या काचेवर लाल रंगानं एक रेघ ओढून दिली होती, की काटा रेघेच्या वर गेला तर फोन करायचा. तानुबाईचा असा फोन कधीच आला नाही. पुनमनं स्वतःहून फोन केला की ती सांगायची, काटा खालीच शे, तू काळजी करू नको.

तेव्हा पुनमला आधी आला तो वाईट संशय. म्हातारी खोटं बोलत असेल. काटा रोजच चढत असेल, पण हातचं काम जाईल या भीतीनं सांगत नसेल. असा संशय मनात घेऊन तिच्याच चुलीवरचा चहा पिताना पुनमला कसंसंच झालं, पण तिनं चहा प्यायला आणि तानुबाईच्या नकळत काट्याच्या मागं एक छोटी पेटी बसवली. दर दहा मिनिटांनी दाबाची नोंद ठेवणारी. चार दिवसांनी पेटी उघडली तर तानुबाई अक्षरशः खरी निघाली. शनिवार, रविवार, सोमवार सरळ रेघ. मंगळवारी पुनम आल्यावर डोंगर.

संशय खोटा ठरला म्हणून बरं वाटायला हवं होतं. उलट आता धरायला काहीच उरलं नाही.

मग तिनं स्वतःला तपासायला घेतलं. नमुन्याच्या बाटल्या बदलल्या. हात धुवायचा साबण बदलला. केसाला खोबरेल लावायची ते सोडलं, न जाणो टाकीत वाकून बघताना थेंब पडत असेल. तिची आई म्हणाली की केस झाडूसारखे झालेत. त्या शुक्रवारी झाडूसारखे केस घेऊन ती मोहदऱ्याला गेली आणि दीड वाजता काटा रेघेच्या वर गेला.

यात सगळ्यात विचित्र काय, तर ती यायची त्या दिवशी टाकीतलं पाणी इतर दिवसांपेक्षा नितळ दिसायचं. तळ दिसायचा. पण तेच पाणी प्रयोगशाळेत नेऊन तपासलं की त्यात विरघळलेला सेंद्रिय माल जास्त निघायचा. डोळ्यांना स्वच्छ आणि यंत्राला घाण. पुनमनं ते आकडे तीनदा काढले. तिचे मार्गदर्शक योगराज सर फोनवर म्हणाले की नमुने घेताना तुझ्याकडूनच काहीतरी मिसळतंय, आणि सर मोठ्या आवाजात बोलले नाहीत म्हणून ते तिला जास्त लागलं.

गावानं मात्र कारण केव्हाच शोधून काढलं होतं. सरपंच नवलभाऊंनी एकदा पारावर हसत हसत म्हटलं, "ताई, तुमना पायगुण दखना पडी." लोक हसले, पुनमही हसली. पण पुढच्या फेरीला ती अंगणात शिरली तेव्हा समोरच्या ओट्यावरच्या दोघीजणींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि एकीनं उठून यंत्राकडं तोंड केलं, आता काय होतं ते बघायला. पुनमला रडू आलं. पाण्याचं शास्त्र शिकलेली मुलगी आणि गाव तिचा पायगुण मोजतंय. आणि वाईट याचं, की आकडे गावाच्या बाजूनं होते.

बाविसाव्या दिवशीही तेच झालं. सव्वाला काटा चढला, पाचवी धुलाई झाली. तानुबाई शेजारी उभी राहून हळहळली. नळ्यांचा पाइप तिनं एखाद्या तापलेल्या लेकराला चाचपावं तसा चाचपला आणि म्हणाली, "हाई तुले दखीसन लाजस का काय, पोरी?" यंत्र आपल्याला पाहून लाजतं म्हणे. पुनमनं पाठीवरच्या पिशवीतून आपली निळी बाटली काढली, घोटभर पाणी प्यायली आणि हातमोजे चढवले.

आता एकही धुलाई शिल्लक नव्हती. शुक्रवारी, पंचविसाव्या दिवशी जावं की न जावं, याच विचारात दोन दिवस गेले. न जावं तर यंत्र चालेल, तीस दिवस पुरे होतील, अहवाल जाईल. पण शेवटच्या दिवशी सर आणि संस्थेची माणसं येणार, तेव्हा तर तिला जावंच लागणार होतं. आणि आपण पाऊल ठेवलं की बिघडणारं यंत्र गावाच्या गळ्यात बांधायचं कसं? त्यापेक्षा ती गुरुवारी दुपारीच चोपड्याला मावशीकडं मुक्कामाला आली. शुक्रवारी सकाळची पहिली काळी-पिवळी पकडली आणि साडेसातलाच मोहदऱ्यात उतरली. अडीच तास आधी. यंत्राला गाफील गाठावं, असं काहीतरी वेडं तिच्या डोक्यात होतं.

टाकीपाशी तानुबाई उकिडवी बसली होती. समोर सहाण. शेजारी वाटीत बोराएवढ्या चपट्या, राखी रंगाच्या बिया. ती एकेक बी पाण्यात बुडवून सहाणेवर गोल गोल घासत होती आणि वर आलेलं दुधासारखं गंध तांब्यात निपटून घेत होती. पुनम फाटकातच थांबली. तानुबाईनं तांब्या उचलला, टाकीचं झाकण सरकवलं आणि सगळं गंध आत ओतलं. मग लांब काठीनं पाणी ढवळलं.

"अक्का, हे काय टाकलंत?"

तानुबाई दचकली, पण चोरी पकडल्यासारखी नाही. अंगण झाडून व्हायच्या आतच पाहुणा दारात उभा राहावा, तशी.

"निर्मयी शे वं. पानी सफा व्हस."

निर्मळीची बी. पुनमनं तिचं नाव पुस्तकात वाचलं होतं. जंगलातली माणसं ही बी माठाच्या आतल्या अंगाला घासतात, मग गढूळ पाण्यातला गाळ धरून खाली बसतो आणि वरचं पाणी नितळतं. हजार वर्षं हे चाललंय आणि खरंही आहे. पण गाळ खाली बसतो तसा बीचा चिकट अंश पाण्यात मागं उरतो. माठाचं त्यानं काही बिघडत नाही. शेवयांएवढ्या नळ्यांच्या छिद्रांवर मात्र तो लेप बसवतो. डोळ्यांना स्वच्छ, यंत्राला घाण. महिनाभराचं कोडं त्या वाटीत पडलेलं होतं.

"रोज टाकता?" तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःलाच उंच वाटला.

"रोज कसाले? तू येस त्याच दिनले."

"मी येते त्याच दिवशी का पण?"

तानुबाईनं हात पदराला पुसले. हे विचारायला लागतं याचंच तिला नवल वाटत होतं.

"तू आठे च्या पेस, भाकर खास, पन पानी पेस नही. तुनी बाटलीनंच पेस. माले वाटनं, पोरीले आपलं पानी घान दखास. सफा दखायनं तर पिशी."

निळी बाटली पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात होती, तिचं बूड पुनमच्या कोपराला लागत होतं. होस्टेलला असताना तिला कावीळ झाली होती, तेव्हापासून आई घरचं पाणी बरोबर द्यायची. सवयच ती. तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं की महिनाभर ती या अंगणात बसून पाणी तपासत होती, पाण्यावर लिहीत होती, गावाला पाण्याची हमी देत होती, आणि स्वतः मात्र जळगावहून आणलेलं पाणी पीत होती. यंत्रातून निघालेलं पाणीसुद्धा तिनं बाटल्यांत भरलं, शिक्के मारले, प्रयोगशाळेत नेलं. तोंडाला लावलं नाही. गावातल्या इतर कुणी हे पाहिलं नसेल, पण जिच्या चुलीवरचा चहा ती प्यायची तिनं दुसऱ्याच फेरीला पाहिलं होतं. तिसऱ्या फेरीपासून सहाण सुरू.

तानुबाई सांगत राहिली. तिच्या माहेरी पाहुणा यायचा असला की आदल्या सकाळी माठाला निर्मळी घासत. पाहुण्याच्या तांब्याच्या बुडाशी गाळ दिसला तर घराची अब्रू गेली, असं तिची आई म्हणायची. इतकी मोठी टाकी निवळायची म्हणून मूठभर बिया लागतात, म्हणून ती अंधार फिटताच उठायची. आणि एवढं करूनही पोर पाणी पीत नाही, उलट तिचं यंत्र बिघडतं, म्हणून ती दर वेळी एक बी वाढवत गेली होती.

पुनम ओट्यावर बसली. हसावं की रडावं कळेना, तर तिनं दोन्ही केलं. मग सांगायला घेतलं, जमेल तसं. बी वाईट नाही, माठाला चांगली, या नळ्यांना नाही. तानुबाईचा चेहरा ऐकता ऐकता उतरत गेला. आपण पाच वेळा पोरीच्या कामात माती कालवली, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं वाटी उचलून पदराआड केली, जणू बियांनाच कुणी बोललं होतं.

पंप अजून सुरू व्हायचा होता, तेवढं नशीब. दोघींनी मिळून पाचशे लिटरची टाकी खालच्या तोटीनं रिकामी केली. पाणी अंगणातून वाहत गेलं. ओट्यावरच्या त्या दोघीजणी बघत होत्या, त्याही मग पदर खोचून उतरल्या आणि नारळाच्या काथ्यानं टाकीची भिंत घासू लागल्या. तलावाचं पाणी पुन्हा भरलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं, गढूळसर. पंप सुरू झाला. एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. काटा हलला नाही. पुनम दिवसभर तिथंच होती आणि काटा हलला नाही, हे गावानं दोन-दोनदा येऊन पाहिलं.

तिनं योगराज सरांना सगळं फोनवर सांगितलं. सर म्हणाले की अहवालात जे आहे ते लिही, पाच म्हणजे पाच, अट मोडलेली नाही. फक्त शेवटच्या दिवशी सांभाळ.

तिसावा दिवस बुधवार होता. सर आणि संस्थेची तीन माणसं अकराला जीपनं आली. तानुबाईनं अंगण सारवलं होतं, चौघांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. टाकीचं झाकण उघडं होतं आणि आत पाणी जसंच्या तसं, तांबूस, बुड न दिसणारं. असं पाणी पाहुण्यांपुढं उघडं ठेवायचं म्हणजे तिला अंगणात फाटक्या लुगड्यात उभं राहण्यासारखं वाटत असणार. पण पुनमनं ठेव म्हटलं होतं, म्हणून तिनं ठेवलं होतं.

पाहुणे टाकीत डोकावले. एकानं नाक किंचित मुरडलं. मग ते खुर्च्यांवर बसले, आणि ऊन लागत होतं म्हणून चौघांनीही आपापल्या पिशवीतून सीलबंद बाटल्या काढल्या. झाकणं मोडल्याचे आवाज झाले. पुनमनं तानुबाईकडे पाहिलं.

तानुबाई चार बाटल्यांकडे बघत होती. मग ती हळूच उठली. तिच्या पदराला गाठ होती आणि तिचा हात त्या गाठीवर गेला. गाठीत काय आहे हे पुनमला कुणी सांगायची गरज नव्हती. तानुबाई टाकीच्या दिशेनं निघाली, घरातल्या बाईनं माजघरात जावं इतकी सहज, कुणाच्या डोळ्यावर न येता. बियांनी यंत्राचं काय होतं हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. पण पाहुणे अंगणात बसून स्वतःचं पाणी पीत होते, आणि साठ वर्षांचं वळण पाच दिवसांच्या शहाणपणाला जुमानत नव्हतं.

पुनमला तिला हाक मारता आली असती. चारचौघांत, पाहुण्यांपुढं. ते तिच्यानं झालं नाही. ती उठली, तानुबाईच्या मांडणीवरचा पितळी पेला घेतला, यंत्राच्या बाहेरच्या तोटीखाली धरला आणि काठोकाठ भरला. मग अंगणाच्या मधोमध उभं राहून प्यायला लागली. पाणी गार होतं. सुरुवातीला भीती वाटली, कावीळ आठवली, आईची बाटली आठवली. पाणी कशासारखंही लागत नव्हतं, ना पानांसारखं ना पावडरीसारखं, आणि याच्यासाठीच तर तिनं दोन वर्षं नळ्या काढल्या होत्या. तिनं पेला उपडा होईपर्यंत तोंडाचा काढला नाही.

तानुबाई टाकीपाशी थांबली होती. तिनं पुनमला शेवटच्या घोटापर्यंत पिताना पाहिलं. पदराच्या गाठीवरचा तिचा हात सुटला.

योगराज सरांनी आपली बाटली खुर्चीखाली ठेवली आणि मलाही द्या म्हणाले. बाकीच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग त्यांनीही हात पुढं केले. ज्यानं नाक मुरडलं होतं तो तेवढा बाटली घट्ट धरून बसला, त्याचं काय करणार. चारला सरांनी काटा वाचला, तो रेघेच्या चांगलाच खाली होता. यंत्र मोहदऱ्यातच राहील असं संस्थेच्या माणसांनी नवलभाऊंना सांगितलं आणि तशी सही केली. अहवालात एक रकाना होता, नळ्या तुंबण्याचं कारण. पुनमनं त्यात आधी निर्मळीची बी असं लिहिलं. थोडा वेळ विचार केला आणि त्यापुढं लिहिलं, तपासनीस गावचं पाणी पीत नव्हती.

सरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पण खोडलं नाही.

जीप निघायच्या आधी तानुबाई पुनमपाशी आली. निळी बाटली अजून पिशवीच्या कप्प्यात होती, रिकामी. तानुबाईनं बाटलीला हात लावला नाही. तिनं नुसता पुनमच्या हातातला पेला घेतला, तोटीकडं पाहिलं आणि विचारलं,

"आखो देऊ?"

"आणखी द्या अक्का," पुनम म्हणाली.